पिवळं बोट म्हणजे पंधरा

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही, असं लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात खोटं उतरलं. सांगितली आहे. चांगली चाळीस-पन्नास वेळा सांगितली आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात दुपारची जेवणं झाली की माणसं पेंगायला लागायची, तेव्हा मी ती काढायचो. एका लहान पोरीनं मला कसं फसवलं, हे हातवारे करून सांगायचो. सगळे हसायचे, जागे व्हायचे, आणि मी पुन्हा फळ्याकडे वळायचो. टाळली ती या गोष्टीची खरी बाजू. त्या बाजूत फसवणारा मी आहे.

आता पंचाहत्तरी उलटली. लातुरात मुलाकडे राहतो. त्या वेळचे केंद्रप्रमुख वारले. तेव्हा शाळा तपासायला आलेला अधिकारी कुठे असतो, माहीत नाही. माझी पेन्शन आता कुणी अडवणार नाही. म्हणजे लिहायला धोका काही उरलेला नाही, आणि त्यामुळे या लिहिण्याला किंमतही फारशी नाही. तरी लिहितो.

मुखेडपासून आत एका गावात माझी दोनशिक्षकी शाळा होती. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या गुरुजींकडे. त्या वर्षी वरून आलं की दुसरीतल्या प्रत्येक पोराला वीसच्या आतली बेरीज-वजाबाकी तोंडी आली पाहिजे, आणि झटकन आली पाहिजे. आठ आणि सात किती म्हटलं की पोरानं थांबायचं नाही. हेतू चांगलाच होता. पुढे हातच्याची बेरीज करताना जे पोर आठ आणि सातला अडतं, ते गणितात कायमचं मागं पडतं. हे मला तेव्हाही पटलेलं होतं. झटकन येण्याआधी त्या पोराच्या डोक्यात काय काय घडावं लागतं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं. मी फक्त झटकन एवढंच ऐकलं.

त्या गावातली पोरं बोटांच्या पेरांवर मोजायची. अंगठा एकेका पेरावर टेकवत न्यायचा, एका बोटाची तीन पेरं. घरातल्या बायका भाकरी, जुड्या, दिवस सगळं असंच मोजायच्या, ते बघून पोरं शिकायची. दुसरीत एक मुलगी होती. शेतकऱ्याच्या घरची, सात-आठ वर्षांची, दोन वेण्या घट्ट बांधून यायची. ती पेरांवर फार सावकाश मोजायची. ओठ हलायचे, अंगठा सरकायचा. पण तिचं उत्तर चुकलेलं मला आठवत नाही. एकदाही नाही. हे मी प्रशिक्षणात कधी सांगितलं नाही.

मी पट्टी घेऊन फिरायचो. ज्याचा अंगठा हलला त्याच्या बोटांवर पट्टी बसायची. जोरात नाही, पण बसायची. "बोटं बंद," मी म्हणायचो. "डोकं चालू."

मग मी कार्डं केली. लग्नसराई नुकतीच संपली होती. पोरांना म्हटलं, घरात पडलेल्या लग्नपत्रिका घेऊन या. दुसऱ्या दिवशी ढीग जमला. जाड कागद, मागची बाजू कोरी, वरून फुकट. एका पत्रिकेचे चार तुकडे केले, मागच्या बाजूला स्केचपेननं मोठ्या अक्षरात गणितं लिहिली. ऐंशीएक कार्डं झाली. पोरांकडे गणित, माझ्याकडे छापील बाजू. गणित विचारता विचारता माझ्या डोळ्यांसमोर अर्धा गणपती किंवा "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" असायचं.

पत्रिका वाटण्याआधी तिच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात, हे सांगायला नको. कुठल्या घरच्या बाईनं नुसतं पिवळं बोट टेकवलेलं असतं, कुठल्या घरच्या बाईनं वर कुंकवाचा टिपका दिलेला असतो, कुठे हळद ओली जास्त झालेली असते. ते डाग कागदातून मागच्या बाजूलाही उतरतात. कार्डं कापताना मी ते पाहिले होते आणि विसरलोही होतो.

रोज प्रार्थनेनंतर कार्डं. मी कार्ड वर धरायचो आणि चुटकी वाजवायचो. चुटकी विरायच्या आत उत्तर आलं तर खाली बसायचं, नाही तर उभं राहायचं. पहिला महिनाभर ती मुलगी रोज उभी. हात मागे बांधून उभी, कारण पुढे धरले की अंगठा आपोआप हलायचा. मग एका आठवड्यात तिनं तीन-चार कार्डं सांगितली. पुढच्या आठवड्यात पंधरा-वीस. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर वर्गात सगळ्यात आधी तीच बसायला लागली. कार्ड पुरतं वर येण्याच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. मी खूश होतो. पट्टीचा गुण, असं दुसऱ्या गुरुजींना सांगितलंही.

आमच्या केंद्राची शिक्षण परिषद डिसेंबरात शेजारच्या मोठ्या गावात होती. दहा-बारा शाळांचे शिक्षक येणार होते. मी कळवून टाकलं की माझ्या वर्गाची झटपट गणितं दाखवतो, आणि त्यातली एक मुलगी ऐंशीच्या ऐंशी कार्डं सांगते.

परिषदेला आठ दिवस असताना पहिलीतल्या एका पोरानं एक कार्ड चावून त्याचा लगदा केला. कार्ड आठ अधिक सातचं होतं. मी चित्रकलेच्या कागदाचं नवं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते वर धरलं, चुटकी वाजवली, आणि ती गप्प.

"अगं, काल तर सांगितलंस," मी म्हटलं.

"गुरुजी, ह्याला बोट न्हाई."

"कसलं बोट?"

"पिवळं बोट. पिवळं बोट म्हंजे पंधरा."

मला आधी कळलंच नाही. मधल्या सुट्टीत तिला एकटीला बोलावलं, कार्डं पसरली आणि विचारलं, हे कसं सांगतेस? ती मांडी घालून बसली आणि भाजी निवडावी तशी एकेक उचलून सांगायला लागली. "ह्यो लाल टिपका पिवळ्यावर बसलाय, ते तेरा. ह्याचा कोन फाटका, ते नऊ. ह्याच्यावर कुक्कू वघळलंय, ते सात. हे सोनेरी काठाचं, पर काठ खाली हाय, ते सोळा. काठ वर असला की चार."

"आणि आकडे? आकडे कोण बघणार?"

"आकडं बघाया येळ कुठं ऱ्हातोय, गुरुजी? तुमी चुटकी वाजिवता की."

तिनं काहीही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे, हे तिला माहीतच नव्हतं. कार्डं मी केली होती, तेव्हा डागही मीच ओळखायला ठेवले असणार, असं ती धरून चालली होती. आणि ऐंशी डाग दोन-अडीच महिन्यांत पाठ करणारं पोर काय ताकदीचं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. माझ्या मनात परिषद आली.

मी म्हटलं, "हे कुणाला सांगू नको."

"हाव," ती मान डोलावत म्हणाली.

प्रशिक्षणात मी नेमका इथे थांबायचो. पोरगी डाग पाठ करायची, इथे हशा यायचा. त्यापुढचं असं आहे. त्या दुपारी शाळेची खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी घासायला गेल्यावर मी त्यांच्या डब्यातली हळद चिमूटभर घेतली, पाण्यात कालवली, आणि आठ अधिक सातच्या नव्या कार्डाच्या कोपऱ्याला माझं बोट टेकवलं. उन्हात वाळवलं. मागची बाजू बघितली. डाग नीट उतरला होता.

परिषदेत तिनं ऐंशीच्या ऐंशी सांगितली. एकही अडलं नाही. टाळ्या वाजल्या. एक शिक्षक उठून म्हणाले, "गुरुजी, ही पोरगी आम्हाला द्या, बदल्यात आमची अख्खी शाळा न्या." सगळे हसले. केंद्रप्रमुखांनी माझं नाव घेऊन सांगितलं की ह्यांच्याकडून शिका. ती खुर्चीवर उभी होती, सगळ्यांना दिसावी म्हणून आम्ही चढवलेली. तिथून ती फक्त माझ्याकडे बघत होती.

परत येताना जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "गुरुजी, त्या पंधराला बोट तुमी लावलं न्हवं का?"

मी कार्डांचा गठ्ठा पिशवीत खाली सारला.

"लई मोठं हाय ते. पत्रिकेला बायका बोट लावत्यात, ते बारीक असतंय. तरी म्या वळखलं," ती म्हणाली आणि हसली. आमच्या दोघांत एक गुपित आहे, याचा तिला आनंद झाला होता.

पुढच्या महिन्यात तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी शाळेत आले. परिषदेतलं ऐकून आले होते. मी कार्डांचा गठ्ठा पुढे केला. ते म्हणाले, "ती राहू द्या, गुरुजी. मी फळ्यावरच लिहितो." आणि नेमकं आठ अधिक सात लिहिलं. खडूनं, काळ्या फळ्यावर.

ती उभी राहिली. फळ्याचे चारही कोपरे तिनं पाहिले. मला दिसलं ते. डोळे वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात गेले, मग दुसऱ्या बाजूला. मग तिनं हात मागे घेतले. मागून मला तिचा अंगठा पेरांवरून सरकताना दिसत होता. तिला अजून थोडा वेळ मिळता तर ती पंधरा म्हणाली असती. साहेबांनी चुटकी वाजवली नव्हती. ती मी वाजवली, सवयीनं. अंगठा थांबला.

"काय गुरुजी?" साहेब म्हणाले. "ऐंशी सांगते म्हणाला होतात तुम्ही."

मला सत्य सांगता आलं असतं. निदान गप्प तरी बसता आलं असतं. मी म्हणालो, "साहेब, ही पोरगी कार्डांवरचे डाग पाठ करून सांगत होती असं दिसतंय. मलाही आत्ता कळतंय. फसवलं हिनं मला. लबाड आहे."

ती वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. गुरुजींनीच हळदीचं बोट लावलं, एवढं ती बोलली असती तर मी तिथेच संपलो असतो. ती बोलली नाही. कुणाला सांगू नको असं मी तिला सांगितलं होतं, आणि तिनं हाव म्हटलं होतं.

साहेब हसले. "डोकं आहे, पण वाकडं चालतंय. लक्ष ठेवा," म्हणाले आणि हजेरीपट मागवला.

जीप गेल्यावर पोरांनी तिला घेरलं. "पिवळं बोट! पिवळं बोट!" कुणीतरी "कुक्कू चोर" काढलं आणि तेच चिकटलं. मी पट्टी आपटून गप्प केलं, पण ती लबाड नाही असं म्हटलं नाही. त्यानंतर ती काहीच सांगेना. दोन अधिक एकसुद्धा सांगेना. दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसायची. विचारलं की मान खाली.

आठ-दहा दिवसांनी तिची आई आली. डोक्यावर वैरणीचा भारा होता, तो शाळेच्या भिंतीला टेकवला.

"गुरुजी, पोरगी म्हणती म्या चोर हाय. काय चोरलं हिनं, तेवढं सांगा. भरून देऊ."

"चोरी नाही हो, बाई. गणितात जरा…"

"मग पोरं चोर कशापाय म्हनून ऱ्हायली?"

"पोरांचं काय मनावर घेता."

"म्या न्हाई घेत. ती घेती. भाकरीसुदिक मोजंना झाली. म्हणलं किती झाल्या गं, तर म्हणती मला इचारू नको."

मी म्हणालो, "काही लेकरांना नाही जमत गणित. राहू द्या. घरकामात हुशार होईल."

बाईनं भारा उचलला. जाताना म्हणाली, "आमाला वाटलं, पोरगी कशी हाय ते तुमाला म्हाईत आसंल."

जूनमध्ये माझी बदली उमरीकडे झाली. मागे उरलेल्या दुसऱ्या गुरुजींनी नंतर एकदा सांगितलं की चौथीपर्यंत ती आली, भिंतीकडेला बसली. पाचवीला शेजारच्या गावी जायचं होतं, तेव्हा बापानं नाव घातलंच नाही. "जमतच न्हाई तर कशाला हेलपाटे," म्हणाला.

उमरीकडच्या शाळेत मी पट्टी सोडली. पश्चात्ताप होता म्हणून सोडली असं म्हणायला आवडेल, पण तिथल्या एका जुन्या बाईंचा वर्ग शेजारी भरायचा, आणि तो बघून मला लाज वाटली म्हणून सोडली. बाई पोरांना चिंचोके द्यायच्या. आठ चिंचोके, सात चिंचोके. सातातले दोन काढून आठात घाला, दहा झाले, बाजूला किती राहिले? पाच. रोज तेच, घाई नाही. पोरं बोटं वापरायची, त्या बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. पाच-सहा महिन्यांनी बोटं आपोआप सुटायची. मीही तसंच करायला लागलो आणि माझ्याही पोरांची सुटली. झटकन उत्तरं यायला लागली, आणि ती फळ्यावर यायची, कागदावर यायची, कुठेही यायची. निवृत्त होईपर्यंतची माझी उरलेली चार वर्षं अशीच गेली.

यानं समाधान व्हायला हवं होतं. झालं उलटं. प्रत्येक पोराची बोटं सुटली की मला मागे बांधलेल्या हातातला तो अंगठा दिसायचा. तिला कमी काहीच नव्हतं. पाच-सहा महिने हवे होते, आणि ते माझ्याकडे होते. आणि हे सगळं कळूनही, प्रशिक्षणाला बोलावलं की मी पिवळ्या बोटाची गोष्ट सांगतच राहिलो. हशा येतो तिथे थांबत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी मुखेडकडच्या त्या गावातल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका आली. कोपऱ्याला हळद-कुंकू होतं. कार्डं सांगणारी ती मुलगी त्यांच्या भावकीतली, हे मला माहीत होतं. सून म्हणाली, एवढ्या उन्हाचं कशाला जाता. मी गेलो. बसमध्ये लातूर सुटल्यापासून एकच वाक्य घोकत होतो. लबाडी तू केली नाहीस, मी केली. मला माफ कर. दुसरीतलं पोरही पाठ करील एवढंच.

मंडपात तिनंच मला ओळखलं. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. उदगीरकडे दिली होती, नवऱ्याचं किराणा दुकान. बरोबर सातेक वर्षांची मुलगी, दोन घट्ट वेण्या.

"पाया पड, माझे गुरुजी हायत," तिनं मुलीला पुढे केलं. मग पदर सावरून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. "बरं झालं भेटलात. लई वर्सं झाली, एक बोलायचं हुतं."

मला वाटलं, आता ती मला विचारणार. बरं वाटलं मला. तिनं विचारलं असतं तर मला सांगावंच लागलं असतं.

ती म्हणाली, "तवा सायबापुढं तुमाला माझ्यापायी खाली मान घालावी लागली. तुमी इतका जीव लावला आन् म्या लबाडी केली. लहान हुते, कळलं न्हाई. माफ करा, गुरुजी."

"ते बोट…" मी म्हणालो.

"बोट तुमी माझ्या मायेपोटी लावलं, तेबी म्या कुनाला बोलले न्हाई. आजपत्तोर न्हाई."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. बसमध्ये पन्नास वेळा म्हटलेलं. आणि मी म्हणालो, "असू दे, बाई. लहान होतीस."

म्हणजे मी तिला माफ केलं.

ती मोकळी झाल्यासारखी हसली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "हिला रोज सांगते, येत आसंल तर बोल, न्हाई तर गप ऱ्हा. लबाडी करू नगं. मॅडम म्हनत्यात, वर्गात तोंडच उघडत न्हाई. माझ्यावर गेली, काय करावं? न्हाई जमत आमच्यात कुनाला गणित. दुकानात बी मी गल्ल्याजवळ जात न्हाई."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचे हात पाठीमागे होते. मी वाकून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"आठ आणि सात किती गं?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही. दुसरं काही सुचलं नाही. मुलीनं मान खाली घातली. तिची आई घाईघाईनं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तिला न्हाई येत." तेवढ्यात यजमान आले, "गुरुजी, पंगत बसली, चला," म्हणून हात धरून घेऊन गेले. मी जाऊन बसलो. बुंदी दोनदा घेतली.

जेवून बाहेर आलो तर त्यांची जीप निघत होती. ती मुलीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. मी जमेल तेवढं झपाझप चाललो आणि खिडकीची दांडी धरली. ड्रायव्हर थांबला.

"काय, गुरुजी?" ती म्हणाली.

आतले सगळे माझ्याकडे बघत होते. इंजिन चालू होतं. वाक्य अजून पाठ होतं.

मी म्हणालो, "पोरीला रोज शाळेत पाठवत जा."

"जाते की रोज," ती म्हणाली, आणि मुलीला म्हणाली, "गुरुजींना टाटा कर."

मुलीनं मागचा हात पुढे काढला आणि हलवला. मीही हलवला.